न्यू जर्सीत पर्गोला किट बसवताना: अर्जापासून शेवटच्या बोल्टपर्यंत

पर्गोला म्हणजे खांबांवर उभी केलेली, वर छपराऐवजी वासे आणि रिपा असलेली उघडी लाकडी चौकट. त्याच्या किटच्या खोक्यावर ‘एका वीकेंडचं काम’ असं छापलेलं असतं. जमिनीवरच्या कामापुरतं ते खरंही आहे. खोक्यात खांब, तुळया, वासे, वरच्या रिपा आणि बोल्टांच्या पिशव्या येतात. जमिनीखालचं काही येत नाही: काँक्रीट नाही, त्याचा साचा नाही, खांबाखालचा लोखंडी बूटही बऱ्याच किटांत नसतो. आणि परवानगी तर ज्याची त्यानेच आणायची असते. आमचं काम गेल्या वर्षी मार्चमध्ये सुरू झालं आणि जुलैत संपलं. सुतारकाम पटकन उरकलं. वेळ खाल्ला तो कागदांनी आणि खड्ड्यांनी.

मध्य न्यू जर्सी, एचओए (घरमालकांची संघटना) असलेली वसाहत, घरामागचा पेव्हरचा (फरसबंदीच्या ठोकळ्यांचा) पॅटिओ आणि त्यावर सुटा उभा राहणारा सीडार लाकडाचा पर्गोला, असं हे प्रकरण. टाउनशिप (म्हणजे स्थानिक पालिका) बदलली की फी आणि फॉर्मचे बारकावे बदलतात, क्रम मात्र साधारण हाच राहतो. घराच्या भिंतीला जोडलेला पर्गोला स्वस्त वाटतो, कारण दोन खांब वाचतात. पण मग साइडिंग (भिंतीवरचं बाहेरचं आवरण) कापा, भिंतीत बोल्ट मारा, पाणी आत जाऊ नये म्हणून फ्लॅशिंगची पट्टी बसवा, आणि परवान्यात ते काम घराचा भाग म्हणून तपासलं जाणार. भिंतीत ओल शिरण्याची शक्यता ओढवून घेण्यापेक्षा दोन खांब जास्त परवडले.

आकार आणि दिशा

किटचा आकार वासे-तुळयांच्या टोकापासून टोकापर्यंतचा असतो, खांबांचा नव्हे. आमचं किट १२ बाय १६ फुटांचं, म्हणजे १९२ चौरस फूट. पण खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर ९ फूट आणि १२ फूट, कारण चारही बाजूंनी लाकूड बाहेर येतं. पॅटिओ १२ बाय १६ चा आहे म्हणून त्याच मापाचं किट मागवलं की खांब बरोबर खुर्च्यांच्या जागी येतात. आधी चार पुठ्ठ्याची खोकी खांबांच्या जागी ठेवा, टेबल मांडा, ग्रिलचं झाकण उघडून बघा. फुकटात होतं आणि डोळ्यांना लगेच कळतं.

सावलीबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. उघडा पर्गोला म्हणजे छप्पर नव्हे, आणि त्याची सावली वाशांच्या दिशेवर ठरते. आमच्या अक्षांशावर जूनमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य जवळजवळ सरळ पश्चिमेला आणि साधारण ४९ अंशांवर असतो. वासे साडेपाच इंच उंचीचे आणि १६ इंचांवर एक. ते उत्तर-दक्षिण असतील तर त्या वेळी एकट्या वाशांची सावली ४० टक्क्यांच्या आसपास पडते. तेच वासे पूर्व-पश्चिम ठेवले तर ऊन जवळजवळ वाशांच्या रेषेतच येतं आणि सावली वाशाच्या जाडीहून थोडीच जास्त, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास. वर आडव्या रिपा तीन तीन इंचांची फट ठेवून बसवल्या, त्यामुळे एकूण सावली निम्म्याहून थोडी जास्त मिळते. संध्याकाळी सहानंतरचं ऊन तिरकं येतं. ते वरून अडत नाही, त्याला पश्चिमेच्या बाजूला पडदा किंवा वेलच हवा. तुम्ही पॅटिओवर कधी बसता ते आधी ठरवा, मग वाशांची दिशा, आणि शेवटी किट.

कागद

सुरुवात घराच्या सर्व्हेपासून, म्हणजे जागेच्या मोजणी-नकाशापासून करा. घर घेताना क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होतानाच्या) फाइलमध्ये तो मिळालेला असतो. त्यावर हद्दी, घर, पॅटिओ आणि इझमेंट (दुसऱ्यांच्या वापरासाठी राखलेला पट्टा) दाखवलेलं असतं. मागच्या कुंपणालगत सांडपाण्याचं किंवा पावसाच्या पाण्याचं इझमेंट असेल तर त्या पट्ट्यात काही बांधता येत नाही. तीच प्रत झेरॉक्स करून तिच्यावर पर्गोला प्रमाणात काढायचा आणि मागच्या व बाजूच्या हद्दींपासूनचं अंतर फुटांत लिहायचं. झोनिंगवाले (जागेच्या वापराचे नियम बघणारं टाउनशिपचं खातं) मुख्यतः तीन गोष्टी बघतात: हद्दीपासूनचं अंतर, उंची, आणि प्लॉटचा किती भाग झाकला गेला आहे. उघड्या पर्गोलाचं क्षेत्र झाकलेल्या भागात धरायचं की नाही, हे प्रत्येक टाउनशिपचं वेगळं. पॅटिओ आणि ड्राइव्हवे मिळून तुम्ही आधीच मर्यादेच्या जवळ असाल तर हा एकच प्रश्न ईमेलवर लेखी विचारून घ्या.

एचओएचा अर्ज मार्चमध्ये टाकला. समितीची बैठक महिन्यातून एकदाच, त्यामुळे तारीख चुकली की महिना गेला. अर्जाला सर्व्हेवरचं रेखाटन, किटचं चित्र, लाकडाच्या रंगाचा नमुना आणि शेजाऱ्यांच्या सह्या लागल्या. त्या सह्या ‘आम्हाला कळवलं आहे’ एवढ्याच अर्थाच्या, संमतीच्या नव्हेत. शेजाऱ्याला हे सांगितलं की तो सहज सही करतो. मंजुरीचं पत्र एप्रिलच्या मध्यावर हाती आलं. झोनिंग परवाना त्यानंतर, फी ७५ डॉलर.

मग बांधकाम परवाना. आमच्या टाउनशिपला तो हवाच होता. न्यू जर्सीभर फॉर्म एकच: एफ-१०० हा मुख्य अर्ज, एफ-११० हा बांधकामाचा तांत्रिक भाग. पर्गोलात दिवे किंवा पंखा लावायचा असेल तर विजेचा एफ-१२० सुद्धा. स्वतःच्या राहत्या घरी स्वतः काम करत असाल तर एफ-१०० वर तसं प्रमाणित करायचा भाग आहे, तो भरा. कंत्राटदाराचा नोंदणी क्रमांक मग लागत नाही. राहत्या एकट्या घरासाठी घरमालकाने स्वतः काढलेलं ड्रॉइंगही चालतं. फक्त ते ड्रॉइंग असावं, किटचं माहितीपत्रक नव्हे. आमच्याकडे एक प्रश्न परत आला तो यावरच: पायाचा छेद दाखवा, आणि खांब काँक्रीटला व वासा तुळईला कशाने बांधणार ते लिहा. वारा पर्गोला खाली दाबत नाही, वर उचलतो, म्हणून हे विचारतात. पायाचा खड्डा, काँक्रीट, सळया, बूट, तुळई, प्रत्येक बोल्टची जाडी, हे सगळं एका पानावर काढलं तर पहिल्याच फेरीत काम होतं.

नियमाप्रमाणे कार्यालयाला अर्जावर निर्णयासाठी कामकाजाचे २० दिवस असतात आणि ते बहुतेक सगळे वापरतात. परवाना मेअखेर आला, फी १५० डॉलरच्या आसपास. किटची ऑर्डर त्यानंतरच दिली. एवढं अवजड सामान परत पाठवायचं तर दोन्ही बाजूंचं भाडं आपल्या माथी.

खणण्याआधी ८११

८११ हा जमिनीखालच्या वीज-गॅस-पाण्याच्या लाइनींवर खुणा करून घेण्यासाठीचा फोन क्रमांक. हा फोन फुकट आहे आणि कायद्याने सक्तीचा आहे, मग खड्डा हाताने खणा नाहीतर यंत्राने. खणण्याच्या आधी कामकाजाचे पूर्ण तीन दिवस द्यावे लागतात. फोन केला तो दिवस धरायचा नाही. मध्ये शनिवार-रविवार आला तर तोही नाही. फोनच्या आधी खड्ड्यांच्या जागांवर पांढऱ्या रंगाने खुणा करून ठेवा, म्हणजे येणाऱ्याला सगळं अंगण फिरावं लागत नाही. मग कंपन्यांची माणसं येऊन रंग मारून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, नारिंगी फोन-केबल, हिरवा सांडपाणी. खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन फुटांच्या आत यंत्र लावायचं नाही, हातानेच खणायचं.

पण ते मीटरपर्यंतच्याच लाइनी दाखवतात. मीटरच्या पुढचं सगळं तुमचं खासगी: ग्रिलला नेलेला गॅसचा पाइप, शेडकडे गेलेली वायर, स्प्रिंकलर, पन्हाळीचं पाणी मागे नेणारा जमिनीखालचा पाइप. यावर कोणी रंग मारत नाही. स्प्रिंकलर एकेका झोनने चालू करून नळ्यांचा अंदाज घ्या. गॅसचा पाइप असेल तर तो टाकणाऱ्याला विचारा किंवा जमिनीखालच्या लाइनी शोधून देणारा खासगी लोकेटर बोलवा.

खड्डे

इथली जमीन हिवाळ्यात गोठते आणि फुगते. पाया गोठण रेषेच्या (जमीन जिथवर गोठते त्या खोलीच्या) खाली गेला नाही तर खांब दर हिवाळ्यात थोडा थोडा वर येतो, आणि चारही खांब सारखे वर येत नाहीत. आमच्याकडे खोली ३६ इंच. पेव्हर किंवा चार इंची स्लॅबवर नुसता बूट ठोकून खांब उभा करायची पद्धत व्हिडिओंत दिसते. इन्स्पेक्टर ते मान्य करत नाही आणि त्याचं बरोबर आहे.

आखणी लाइनदोरीने केली. ९ बाय १२ चा फायदा असा की कर्ण बरोबर १५ फूट येतो. दोन्ही कर्ण १५ आले की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. दोरी खड्ड्यांपासून दोन-तीन फूट बाहेर ठोकलेल्या फळ्यांना बांधा, फळीवर खिळ्याने खूण करा. खणताना दोरी काढायची आणि नंतर त्याच खिळ्यांवर परत लावायची. खांबाशेजारीच खुंटी ठोकली तर ती पहिल्या खड्ड्यातच जाते.

खांबाच्या जागेचे पेव्हर उचलून क्रमाने बाजूला ठेवले. साधारण १८ इंची चौकोन मोकळा केला, त्याहून मोठा नको, नाहीतर आजूबाजूचे पेव्हर खचतात. इथल्या भागात वर चिकणमाती आणि खाली लाल शेल, म्हणजे थरांचा मऊसर खडक. भाड्याचा दोन माणसांचा ऑगर (खड्डे पाडायचं फिरतं यंत्र), दिवसाचं भाडं शंभर डॉलर, दीड-दोन फूट लोण्यासारखा जातो आणि मग शेलवर नुसता फिरत राहतो. तिथून पुढे पहार. शेल पापुद्र्यांनी फुटतो. उभे घाव घालण्यापेक्षा पहारीने पापुद्र्याच्या कडेला उचकटलं तर पटापट निघतो.

खड्ड्याचं तोंड रुंद आणि तळ निमुळता होऊ देऊ नका. वर छत्रीसारखं पसरलेलं काँक्रीट गोठणाऱ्या मातीला पकड देतं आणि सगळा पाया वर उचलला जातो. रुंदी हवीच असेल तर ती तळाला. पुठ्ठ्याच्या १२ इंची गोल साच्याचा हाच उपयोग: बाजू गुळगुळीत राहते, माती धरत नाही. पाऊस येणार असेल तर खड्ड्यांवर प्लायवूड टाका. मुलांसाठी आणि हरणांसाठीही ते हवंच.

आता तपासणी, आणि ही काँक्रीट ओतण्याआधी. किमान २४ तास आधी टाउनशिपला कळवायचं. ठरवलेल्या दिवसापासून कामकाजाच्या तीन दिवसांत त्यांनी यायचं असतं. इन्स्पेक्टर टेप खड्ड्यात सोडतो, तळाशी सुटी माती किंवा पाणी आहे का ते बघतो, आणि मंजूर झालेलं ड्रॉइंग मागतो. शिक्क्याची ती प्रत घरात नको, हाताशी हवी. परवान्याचं कार्ड रस्त्यावरून दिसेल असं खिडकीत लावायचं.

काँक्रीट आणि लेव्हल

१२ इंच व्यासाचा आणि वर थोडा बाहेर येणारा, ३८ इंच लांबीचा खांबाचा पाया म्हणजे अडीच घनफूट. ८० पौंडांची एक पिशवी भिजवल्यावर ०.६ घनफूट भरते. म्हणजे एका खड्ड्याला चार पिशव्या आणि वर थोडं. चारांना १८ पिशव्या घेतल्या. एक पिशवी ३६ किलोची, तेव्हा घरपोच मागवाव्यात. पिशव्यांचे सव्वाशे डॉलर, भाड्याच्या मिक्सरचे सत्तर. पिशवीला पाणी तीन लिटरच्या आतच. हाताला सोपं जावं म्हणून पातळ केलेलं काँक्रीट ताकद घालवतं.

पॅटिओला घरापासून लांब उतार असतो, फुटाला पाव इंच असेल तर नऊ फुटांत सव्वादोन इंच. किटचे खांब एकाच लांबीचे कापलेले येतात. पाये पॅटिओच्या उताराप्रमाणे ओतले तर पर्गोला पुढे कललेला दिसणार. म्हणून चारही पायांची डोकी एका पातळीत ठेवायची. घराकडचा पाया जवळपास पेव्हरच्या पातळीला आणि लांबचा दोनेक इंच वर. यासाठी लेझर असेल तर उत्तम, पण आपल्याकडचे गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी तेवढीच अचूक आहे आणि दहा डॉलरांत मिळते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकतं. नळी उंच धरून टिचक्या मारून तो आधी बाहेर काढा.

बुटासाठीचा पाच अष्टमांश इंची बोल्ट ओल्या काँक्रीटमध्ये बसवता येतो. पण काँक्रीट बसताना तो हमखास सरकतो, आणि बुटाला जुळवून घ्यायला जागा फार कमी असते. आठवडाभर थांबून, परत दोरी लावून, हॅमर ड्रिलने भोक पाडून इपॉक्सीत (दगडासारख्या घट्ट होणाऱ्या गोंदात) बोल्ट बसवणं जास्त बिनचूक. ड्रॉइंगमध्ये तसंच दाखवलेलं हवं, आणि सळया मध्यभागी न ठेवता बाजूला ठेवा, नाहीतर ड्रिल सळईवर अडतं. भोकातली भुकटी ब्रशने आणि हवेने दोन-दोन वेळा साफ करायची. भुकटीवर ओतलेली इपॉक्सी भुकटीलाच चिकटते.

बूट असा घ्या की खांब काँक्रीटपासून एक इंच वर राहील. लाकडाचा तळ पाण्यात उभा राहिला नाही तर सीडार वर्षानुवर्षं टिकतं.

उभारणी

किट ट्रकवरून पॅलेटवर येतं, साधारण तीनशे किलो, आणि रस्त्याच्या कडेला उतरवलं जातं. खोकं फाटलेलं असेल तर सही करण्यापूर्वी पावतीवर तसं लिहा. आमच्या किटचे भाड्यासकट ४,२०० डॉलर झाले. बसवून देणाऱ्यांचे आकडे सगळं मिळून नऊ ते बारा हजारांचे होते. उघडल्यावर प्रत्येक भाग यादीशी जुळवा. लाकूड पट्ट्यांवर रचून, वर ताडपत्री आणि बाजू उघड्या ठेवून सावलीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं तसंच उन्हात राहिलं तर वाकतं.

बोल्ट गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेसच हवेत. साध्या चकचकीत पातळ मुलाम्याचे असतील तर बदलून घ्या. सीडारमधलं टॅनिन त्यांना खातं आणि प्रत्येक बोल्टखाली काळा ओघळ उतरतो. साडेपाच इंची खांबाच्या दोन्ही बाजूंना दीड दीड इंचाच्या तुळया, म्हणजे साडेआठ इंच. वॉशर आणि नटसाठी दहा इंची बोल्ट लागतो.

खांब उभे करा, प्रत्येकाला दोन दिशांनी तात्पुरते तिरके टेकू द्या, ओळंबा दोन बाजूंनी बघा. तुळया क्लॅम्पने धरून, कर्ण वरून पुन्हा मोजून मगच भोकं पाडा. खाली गुण्यात असलेली चौकट वर अर्धा इंच गेलेली असू शकते. लांब भोक एका बाजूने पाडलं की ड्रिल तिरकं बाहेर येतं. दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडा.

तुळई आणि खांबाच्या कोनातले ४५ अंशांचे तिरके आधार म्हणजे केवळ नक्षी आहे असं समजून काही जण ते लावत नाहीत. लोखंडी बूट खांबाला वर उचलू देत नाही, पण डुलण्यापासून अडवत नाही. बूट बनवणारेच तसं लिहितात. डुलणं अडवतात ते हे आधार. खांबाला हात लावून ढकलून पाहिलं की आधार लावण्याआधीचा आणि नंतरचा फरक कळतो.

वाशाला थोडी कमान असतेच. डोळ्यासमोर धरून बघा आणि कमानीची बाजू वर ठेवा. प्रत्येक वासा तुळईला वाऱ्यासाठीच्या पट्टीने किंवा लांब स्क्रूने बांधायचा. रिपांना टोकाजवळ आधी बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारू नका; सीडार टोकाला लगेच चिरतं. या कामाला तीन माणसं आणि दोन शिड्या पाहिजेत. तुळई एकट्याला उचलता येते, पण एका हाताने धरून दुसऱ्याने बोल्ट घालता येत नाही.

नंतरचं

शेवटची तपासणी जुलैत झाली. टाउनशिपकडून सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल (काम मंजूर झाल्याचा दाखला) हातात येईपर्यंत परवाना बंद झालेला नसतो. उघडा राहिलेला परवाना घर विकताना नेमका पुढे येतो, म्हणून तो कागद सर्व्हेबरोबर ठेवा. एचओएला फोटो पाठवून त्यांचीही फाइल बंद करून घेतली.

लाकडाला तेलाचा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लगेच लावला नाही. रिपेवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. थोड्या वेळात शोषले गेले तर लाकूड स्टेनला तयार, मण्यासारखे वर राहिले तर थांबा. कापलेल्या टोकांना मात्र जोडणीच्या वेळीच स्टेन लावून घेतला, कारण पाणी टोकातूनच शिरतं.

वेलासाठी जुलै उशिराचा ठरतो. दोडका, दुधी, कारलं यांची रोपं इथे मेच्या मध्यानंतर, थंडीची भीती गेली की लावायची. खांबापासून दीड फूट लांब लावा, म्हणजे रोजचं पाणी बुटावर पडत नाही. वेल पश्चिमेच्या दोन खांबांमध्ये जाळीवर चढवला तर संध्याकाळच्या उन्हाचाही बंदोबस्त होतो. विस्टेरिया टाळा. काही वर्षांत त्याचं खोड मनगटाएवढं होतं आणि रिपा पिळून काढतं.

पहिल्या ऑक्टोबरात पाना घेऊन सगळे नट पुन्हा कसा. लाकूड सुकून आकसतं आणि वॉशर बोटांनी फिरायला लागतात. आमच्याकडे काही नटांना जवळजवळ पूर्ण फेरा बसला. सावलीचं कापड लावलं असेल तर थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या शेवटच्या सणाच्या) आत उतरवा. उघड्या रिपांतून बर्फ खाली पडतो, कापडावर तो साचतो, आणि ते वजन तुमच्या ड्रॉइंगमध्ये धरलेलं नसतं.